गावाचा हिशेब गावापुढे

 

ग्रामसभा तुम्ही पाहिली असेल. सरपंच उठतात, हातात कागद घेतात आणि वर्षभरात गावात काय काय झालं ते वाचतात. एवढा रस्ता झाला, एवढे दिवे लागले, शाळेला रंग दिला, अंगणवाडीला टाकी बसवली, अमुक योजना मंजूर झाली, तमुक प्रस्ताव तालुक्याला पाठवला. वाचून झालं की कुणीतरी टाळ्या वाजवतं, चहा येतो, रजिस्टर फिरतं, सह्या आणि अंगठे होतात, माणसं उठतात.

मी बचत गटांची सहयोगिनी आहे. कामानिमित्त बरीच गावं फिरते. बहुतेक ठिकाणी हा अहवाल सत्काराच्या भाषणासारखा वाचला जातो आणि तसाच ऐकला जातो. बायका म्हणतात, “सरपंचांनी बाई सगळं नीट सांगितलं.” सांगितलं हे चांगलंच झालं. पण ते सांगणं सरपंचांच्या मर्जीवर सोडलेलं नाही, तशी कायद्याची अट आहे. ही अट गावापर्यंत कशी आली आणि त्या वाटेवर बायका कुठं होत्या, हे आज सांगते. थोडा इतिहास आहे. सनावळ्या येतील, पण परीक्षा कुणाची नाही.

जुन्या गावापासून सुरुवात करू. पाटील सारा वसूल करायचा आणि कुलकर्णी लिहायचा. गावचं दप्तर कुलकर्ण्याच्या घरात, लाल फडक्यात बांधलेलं असायचं. कुणाची जमीन किती, कुणाकडे बाकी किती, कुणाला सूट मिळाली, हे सगळं त्यात असायचं आणि ते वाचता यायचं गावातल्या मोजक्या माणसांना. हिशेब होता, अगदी पै-पैचा होता. पण तो गावाकडून वर जायचा, मामलेदाराकडे आणि पुढे सरकारात. वरून खाली कुणी हिशेब देत नव्हतं. गोळा झालेल्या पैशाचं काय केलं, हे गावाला सांगायची पद्धतच नव्हती.

याला एक अपवाद होता आणि तो तुम्हालाही माहीत आहे. जत्रेचा हिशेब! वर्गणी किती जमली, तमाशाला किती गेले, पालखीला किती, शिल्लक किती, हे पारावर बसून मोठ्यानं वाचलं जायचं. आजही जातं. म्हणजे सगळ्यांचे पैसे असतील तर सगळ्यांदेखत सांगावेत, ही अक्कल गावाला कायद्याच्या आधीपासून होती. फक्त ती देवाच्या पैशापुरती होती, आणि पारावर बायका नव्हत्या.

चावडीवर तर नव्हत्याच. चावडीवरून जाताना बाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून, नजर खाली घालून निघून जायची. आजींना विचारून बघा. दलितांना चावडीच्या बाहेर, खाली उभं राहावं लागायचं. गावकीची कामं मात्र त्यांच्याच माथी मारलेली होती. तेव्हा “गावानं ठरवलं” असं जुन्या गोष्टीत आलं, की ते गाव म्हणजे नेमके किती जण होते, हा प्रश्न मनात ठेवावा.

कुलकर्ण्याच्या लेखणीत शेतकरी कसा अडकतो, हे जोतिराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात मांडलं. ते १८८३ मध्ये लिहून झालं. फुल्यांची एक गोष्ट आपल्या विषयाला फार जवळची आहे. ते १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्या काळात व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायचं ठरलं आणि त्यासाठी एक हजार रुपये खर्चाचा प्रस्ताव आला. जोतिरावांचं म्हणणं होतं की हा पैसा लोकांचा आहे, तो गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. विरोधात मत देणारे ते एकटेच होते. खर्च झाला. तरीही लोकांच्या पैशाबद्दल सभेत उठून विचारायचं असतं, हे त्यांनी करून दाखवलं. त्यांच्या घरी सावित्रीबाई होत्या. या दोघांनी मुलींना वाचायला शिकवलं नसतं तर आज रजिस्टर आपल्या हातात येऊनही उपयोग झाला नसता. हे मी जाता जाता सांगतेय, पण ते काही लहान नाही.

१८८२ मध्ये, १८ मे या दिवशी, लॉर्ड रिपनच्या सरकारनं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. स्थानिक कामं स्थानिक लोकांनी निवडलेल्या माणसांकडे द्यावीत, असा त्याचा अर्थ होता. मग १८८४ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात तालुका लोकल बोर्डं आणि जिल्हा लोकल बोर्डं आली. जुनी माणसं शाळेला ‘बोर्डाची शाळा’ म्हणत, ते यातूनच आलं. बोर्डाकडे पैसा कुठून यायचा? शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा घ्यायचे, त्याला लोकल फंड म्हणत. त्यातून रस्ते, शाळा, दवाखाने, धर्मशाळा व्हायच्या. आणा प्रत्येक शेतकऱ्याच्या घरातून जायचा, पण मत थोड्यांना होतं आणि बोर्डावर अंमल साहेबांचा होता. गावासाठी पंचायतीचे कायदे नंतर आले, मुंबई इलाख्यात १९२० चा आणि मग १९३३ चा. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता आणि विदर्भ मध्यप्रांत-वऱ्हाडात, त्यामुळे तिकडचे नियम वेगळे होते.

आता महाडची गोष्ट. ती आपण सगळ्याजणी १४ एप्रिलला ऐकतो, पण मी ती जरा वेगळ्या बाजूनं सांगते. १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव आणला, की सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव मंजूर झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं आपलं चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर काम झालं. त्या वर्षी नगरपालिकेनं कामाचा अहवाल वाचला असता, तर “तळे सर्वांस खुले केले” ही ओळ त्यात बसली असती आणि ती खोटीही म्हणता आली नसती. पण तळ्याचं पाणी कुणाच्या घागरीत आलं नव्हतं. ते घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्याली, आणि त्याबद्दल मारही खाल्ला. पुढे त्याच नगरपालिकेनं तो ठराव मागे घेतला. कोर्टात भांडण चाललं ते थेट १९३७ पर्यंत. हायकोर्टानं निकाल दिला, तेव्हा तळं खऱ्या अर्थानं खुलं झालं.

ठराव १९२४ चा, निकाल १९३७ चा. मधली तेरा वर्षं कुठल्या अहवालात लिहायची?

त्याच १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब महाडला पुन्हा परिषदेला आले, तेव्हा बायका मोठ्या संख्येनं आल्या होत्या आणि त्यांच्यासाठी त्यांनी वेगळं भाषण केलं. सार्वजनिक सुविधेच्या प्रश्नावर गावोगावच्या बायका सभेला येऊन बसल्या, याची आपल्याकडची ही फार आधीची नोंद आहे. प्रश्न पाण्याचा होता, याचं मला नवल वाटत नाही. घागर कुणाच्या डोक्यावर असते?

स्वातंत्र्य आलं. वतनं एकामागून एक गेली. कुलकर्ण्याचं दप्तर तलाठ्याकडे आलं. १९५७ मध्ये दिल्लीत बलवंतराय मेहता समितीनं अहवाल दिला, की विकासाची कामं लोकांनी निवडलेल्या पंचायतींकडे द्या. त्यानंतर २ ऑक्टोबर १९५९ ला राजस्थानात नागौरला पंडित नेहरूंनी पंचायत राज्य सुरू केलं. आपल्याकडे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वसंतराव नाईकांची समिती बसली आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या चालू झाल्या. ग्रामपंचायतीचा कायदा मात्र त्याआधीचाच, १९५८ चा. तो १९५९ च्या जूनपासून लागू झाला. आपली ग्रामपंचायत आजही त्याच कायद्यावर चालते, अर्थात त्यात दुरुस्त्या पुष्कळ झाल्या.

या कायद्यातलं सातवं आणि आठवं कलम माझ्या मते प्रत्येक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला हवं. सातवं कलम ग्रामसभेचं. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद. निवडून यावं लागत नाही, फी नाही, ओळख लागत नाही. आठवं कलम हिशेबाचं. आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत, म्हणजे मे संपायच्या आत घ्यायची आणि तिच्यापुढे ग्रामपंचायतीनं चार गोष्टी ठेवायच्या. एक, गेल्या वर्षीच्या जमाखर्चाचं पत्रक. दुसरं, गेल्या वर्षीच्या कारभाराचा अहवाल. तिसरं, चालू वर्षात काय कामं करणार ते. आणि चौथं, मागच्या लेखापरीक्षणात काय निघालं, त्याला पंचायतीनं काय उत्तरं दिली ते.

आपण टाळ्या वाजवतो ती यातली दुसरी गोष्ट. बाकीच्या तीन किती गावांत वाचल्या जातात, हे तुमचं तुम्ही आठवून बघा.

मला हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा परकं वाटलं नाही, कारण आपण गटात हेच करतो. बैठक सुरू झाली की आधी मागचं इतिवृत्त, मग बचत किती, कर्ज कुणाला किती, परतफेड कुणाची राहिली, हातात किती, बँकेत किती. पंचसूत्रीत शेवटचं सूत्र लेख्यांचं आहे. दहा जणींत पन्नास रुपयांचा फरक आला तरी बैठक उठत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. त्याच बायका ग्रामसभेत लाखांचे आकडे ऐकून गप्प बसतात. समजत नाही म्हणून गप्प बसतात, असं मला कधी वाटलं नाही. तिथं बसायलाच त्यांना फार उशिरा बोलावलं गेलं.

मेहता समितीनं बायकांसाठी काय म्हटलं होतं? बायका-मुलांच्या कामात रस असलेल्या दोन जणींना पंचायत समितीवर घ्यावं. घ्यावं, म्हणजे इतर सभासदांनी घ्यावं. पाहुणीला पाट मांडावा तसं. पुढची कित्येक वर्षं असंच चाललं. कुणाची तरी सून, कुणाची तरी पत्नी सभासद म्हणून यायची, सही करायची, जायची. तरी मधून मधून वेगळंही घडायचं. पुणे जिल्ह्यात निंबुतला साठच्या दशकातच सगळ्या बायकांची ग्रामपंचायत होती. अशी गावं तेव्हा बोटावर मोजण्याइतकी.

मोठा धक्का दिला तो चांदवडनं. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. शेतकरी संघटना म्हणजे शरद जोशींची, कांद्या-कापसाच्या भावाची. त्या आंदोलनात बायका पोलिसांच्या गाड्यांत बसल्या होत्या, तुरुंगात गेल्या होत्या. पण मालाचा भाव आला तरी तो पैसा बाईच्या हातात येतो का, हे पहिल्यांदा उघड विचारलं गेलं ते चांदवडला. नुसत्या शेतात राबणाऱ्या, कधी व्यासपीठ न पाहिलेल्या बायका तिथं बोलल्या. त्याच सुमारास समग्र महिला आघाडी उभी राहिली आणि एक गोष्ट ठरली, की पंचायतीच्या निवडणुकीत एखादी-दुसरी जागा मागत बसायचं नाही, सगळ्याच्या सगळ्या जागा बायकांनी लढवायच्या.

निवडणुका लांबल्या. १९८९ मध्ये झाल्या, तेव्हा काही गावांत बायकांची अख्खी पॅनेलं उभी राहिली आणि निवडूनही आली. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातलं मेटीखेडा ही त्यातली नावं. लक्षात घ्या, तेव्हा बायकांचं ३० टक्के आरक्षण अजून आलं नव्हतं. त्याच्या आधीच या बायका निवडून आल्या.

त्यांनी हातात घेतलेली कामं बघितली तर अहवाल कसा बदलतो ते कळतं. पिण्याचं पाणी, शौचालयं, दारूचा गुत्ता, शाळा. पुरुषांच्या अहवालात रस्ता आणि सभामंडप आधी यायचे, यांच्या अहवालात पाणी आधी आलं. विटनेरनं तर वेगळंच काम केलं. ‘लक्ष्मीमुक्ती’ नावाचा कार्यक्रम शेतकरी संघटनेनं काढला होता. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा तुकडा स्वतःहून बायकोच्या नावे करतील, त्या गावाचा सत्कार. शरद जोशी स्वतः त्या गावात जायचे. विटनेरच्या माणसांनी जमिनी बायकांच्या नावे केल्या. सातबारावर बाईचं नाव चढलं. ग्रामपंचायतीच्या कुठल्याही ठरलेल्या नमुन्यात या कामाला रकाना नाही, तरी गावाच्या इतिहासात ते सगळ्यात मोठं काम ठरलं.

या बायकांवर पुढे एक इंग्रजी पुस्तक निघालं, महाराष्ट्रातल्या सगळ्या बायकांच्या पंचायतींचा अभ्यास, १९९८ मध्ये. त्याच्या नावाचा अर्थ असा, “आणि चपात्या कोण करणार?” बाई पंचायतीत निघाली की घरातून येणारा पहिला प्रश्न. मी हे पुस्तकाचं नाव एका गटात सांगितलं तेव्हा मागून एक मावशी म्हणाल्या, “अगं, करूनच जायच्या असतात.”

त्यानंतर कायदे पटापट आले. १९९० मध्ये महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत बायकांना ३० टक्के जागा राखीव केल्या. २४ एप्रिल १९९३ ला घटनेची ७३ वी दुरुस्ती लागू झाली आणि देशभर एक तृतीयांश जागा, सरपंचपदांसकट, बायकांच्या झाल्या. २०११ मध्ये आपल्या राज्यात ते ५० टक्के झालं. आज एखाद्या तालुक्यात फिरा, निम्म्या गावांची सरपंच बाई आहे.

आणि पुष्कळ गावांत अहवाल तिचा नवरा वाचतो. सरपंचताई खुर्चीवर बसतात, पुढ्यातल्या माईकवर नवरा बोलतो, “आम्ही या वर्षी” अशी सुरुवात करतो. लोकांनी त्याला ‘सरपंचपती’ असं नावही ठेवलंय, जणू ते एक पदच आहे. मला यात ताईंना दोष द्यावासा वाटत नाही. वर्षानुवर्षं ज्या चावडीपुढून मान खाली घालून गेलो तिथंच एकदम उभं राहून बोलायचं, तेही समोर दीर, सासरे, भावकी बसलेली असताना. पण समोर गटाच्या बायका बसलेल्या असल्या की फरक पडतो, हे मी पाहिलंय. आवाज कापतो, पण ताई स्वतः वाचतात.

आता थोडं महाराष्ट्राबाहेर जाऊ, कारण हिशेब मोठ्यानं वाचायची ताकद काय असते ते राजस्थानातल्या मजुरांनी दाखवलं. तिथं मजदूर किसान शक्ती संघटन नावाची संघटना आहे. दुष्काळी कामावर मजुरी कमी मिळते, हे तिचं पहिलं भांडण. अधिकारी म्हणायचे, कागद बघा, कागदावर पुरेसं काम झालेलं नाही. कागद मागितला तर दाखवायचे नाहीत. मग डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात या लोकांनी जनसुनावणी घेतली. कशीबशी मिळवलेली मस्टरं आणि बिलं गावापुढे मोठ्यानं वाचली. नाव वाचलं की माणूस उठून सांगायचा, मी त्या कामावर गेलोच नव्हतो. अर्धवट इमारत कागदावर पूर्ण निघायची. वाचता न येणाऱ्या माणसांनी नुसतं ऐकून चोरी पकडली.

त्या चळवळीतल्या एका बाईला दिल्लीत कुणीतरी विचारलं, की तुम्ही शिकलेल्या नाही, तुम्हाला माहितीचा अधिकार कशाला हवा? तिनं सांगितलं ते असं, की पोराला दहा रुपये देऊन बाजारात धाडलं तरी परत आल्यावर मी हिशेब विचारते, मग माझ्या नावानं सरकार लाखो खर्च करतं त्याचा विचारू नको? याच मागणीतून पुढे माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. महाराष्ट्रात राज्याचा कायदा आधी होता, अण्णा हजारेंची उपोषणं त्यासाठी झाली. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्ण लागू झाला.

मस्टर हा शब्द आपल्याला राजस्थानातून शिकायला नको होता म्हणा. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया-आज्यांनी खडी फोडली ती मस्टरवरच. त्यातून वाढलेला रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं १९७७ मध्ये केला, देशात पहिला. २००५ मध्ये देशानं रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्यात एक कलम घातलं, की कामांचं सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेनं करावं. म्हणजे मस्टर गावापुढे वाचायचं. कोट किरानाला जे भांडून मिळवलं ते कायद्यात आलं.

आता आपल्या गावात येऊ. आज काय काय हातात आहे ते झटपट सांगते. वर्षाला किमान चार ग्रामसभा. नोटीस सात दिवस आधी. पुरेसं कारण नसताना सभा घेतल्या नाहीत तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं हवीत. नसतील तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला मात्र गणपूर्ती लागत नाही. या शेवटच्या वाक्यावर कितीतरी गावांचा कारभार चालतो! पहिल्या सभेला कुणी येत नाही, दुसरी सात-आठ जणांत उरकते आणि रजिस्टर नंतर घरोघरी सहीला फिरतं. दारात आलेल्या रजिस्टरवर सही मागितली तर आधी पान उलटून वर काय लिहिलंय ते वाचा.

आणखी एक, प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. तिचे ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचे असतात. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींना जो निधी दिला त्यातला २०२१ पासूनचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. हे तीन आकडे माहीत असले की अहवाल ऐकताना कान आपोआप टवकारतात.

गेल्या उन्हाळ्यात मी एका गावच्या महिला सभेला होते. गावाचं नाव सांगत नाही. तीन गटांच्या मिळून चाळीस-पंचेचाळीस जणी आल्या होत्या. सरपंचताईंनी अहवाल स्वतः वाचला. त्यात ओळ आली, “नळपाणी योजना पूर्ण.” मागून वरच्या वस्तीतली एक सून उठली. नवी, वर्षाची लग्न झालेली. म्हणाली, नळ बसलाय, त्याला अजून पाणी आलं नाही. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणायचो, ते समजावू लागले की जोडण्या सगळ्या झाल्या, कागदावर योजना पूर्णच धरतात. ते खोटं बोलत नव्हते. जोडण्या मोजल्या तर योजना खरंच पूर्ण होती.

बायकांनी आवाज चढवला नाही. एका गटाच्या सचिवानं एवढंच म्हटलं, की ओळ बदला. “नळजोडण्या पूर्ण, वरच्या वस्तीत पाणी पोचलेले नाही,” असं लिहा. शब्दांवरून बराच वेळ गेला. कुणीतरी म्हणालं, असं लिहिलं तर गावाचं नाव खराब होईल. तेव्हा सरपंचताई म्हणाल्या, माझं माहेर टँकरचं आहे, मला माहितीय, लिहा. मग ठराव झाला, की वरच्या वस्तीत पाणी चढल्याशिवाय ग्रामपंचायतीनं योजना ताब्यात घेऊ नये. तो ग्रामसभेपुढे गेला. तिथं वाद झाला, दोन पुढारी उठून गेले, पण ठराव मंजूर झाला.

पुढे पाहणीला माणसं आली, एक पंप बदलला. वरच्या वस्तीत आता दिवसाआड अर्धा तास पाणी येतं. पुरत नाही. पुढच्या सभेत, नेहमीप्रमाणे, पहिला विषय मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्याचा होता. “दिवसाआड अर्धा तास” हे शब्द त्यात घालायचे राहिले होते. त्या सुनेनं ते घालून घेतले.